पालक पुन्हा खोलीत कसे आले: लहानग्यांच्या भावनिक उपचारांची पार्श्वभूमी

तीन-चार वर्षांचं मूल सतत आदळआपट करतं, चावतं, मारतं, किंवा अचानक मिटून गप्प बसतं म्हणून पालक आज समुपदेशकाकडे गेले, तर अनेक ठिकाणी त्यांनाही मुलासोबत आत बोलावलं जातं. ही पद्धत वाटते तितकी जुनी नाही. गेल्या शंभरेक वर्षांत आईवडील आधी उपचारात होते, मग बाहेरच्या बाकावर गेले आणि बऱ्याच उशिरा पुन्हा आत आले.

लहान मुलाच्या मानसिक उपचाराची सगळ्यात गाजलेली पहिली हकिकत 1909 सालची आहे. व्हिएन्नामधला पाच वर्षांचा एक मुलगा घोड्यांना इतका घाबरायचा की रस्त्यावर जायला तयार नसे. सिग्मंड फ्रॉइड यांनी ‘छोटा हान्स’ या नावाने त्याची केस लिहिली. पण या उपचाराच्या काळात फ्रॉइड त्या मुलाला एकदाच भेटले. मुलाशी रोज बोलणं, त्याची उत्तरं टिपून ठेवणं आणि ती फ्रॉइडना कळवणं हे सारं वडिलांनी केलं. फ्रॉइडनी काढलेले अर्थ आज फारसं कोणी जसेच्या तसे स्वीकारत नाही, पण पालकाच्या हातून उपचार घडू शकतो याची नोंद तेव्हाच झाली होती.

पुढच्या पिढीने मात्र सूत्रं तज्ज्ञाच्या हाती दिली. मेलानी क्लाइन यांनी 1920 च्या दशकात बर्लिनमध्ये आणि 1926 पासून लंडनमध्ये छोटी छोटी खेळणी मुलांपुढे ठेवून काम सुरू केलं. मोठी माणसं जे बोलून सांगतात ते मूल खेळून सांगतं, असं त्यांचं म्हणणं. फ्रॉइड यांची मुलगी अॅना यांना ते पटेना. एवढं लहान मूल अजून आईवडिलांवरच अवलंबून असतं, त्यांना वगळून कसं चालेल, असा त्यांचा सूर होता. हा वाद पुढे कित्येक वर्षं धुमसत राहिला. मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी 1928 मध्ये लंडनला दवाखाना काढला आणि वाळूचा ट्रे व इवल्याशा वस्तू मुलांच्या हाती दिल्या. आजही खेळ-उपचाराच्या खोलीत तो ट्रे हमखास दिसतो.

अमेरिकेत त्याच सुमारास दोन टोकाच्या गोष्टी घडत होत्या. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये पीटर नावाच्या, जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा रोज थोडा थोडा जवळ आणला गेला आणि शेवटी पीटर त्याला हात लावू लागला. भीती टप्प्याटप्प्याने कमी होते, हे आजच्या उपचारांतलं पायाभूत तत्त्व इथे मुलांच्या बाबतीत दिसलं. दुसरीकडे मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन 1928 मध्ये पालकांना सांगत होते की मुलांना मिठी मारू नका, पापे घेऊ नका. या सल्ल्याने किती मुलांच्या वाट्याची माया आटली असेल, याचा विचार करून आजही वाईट वाटतं.

आपल्याकडे मुंबईत 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था), आणि पुढच्याच वर्षी तिथे देशातलं पहिलं बाल मार्गदर्शन केंद्र उघडलं. मुलाच्या वागण्याकडे त्याच्या घरासकट पाहायचं, ही समाजकार्याची दृष्टी त्याच्या मुळाशी होती.

पालक परत आले ते 1960 च्या दशकात. त्याआधी व्हर्जिनिया अॅक्सलाइन यांनी 1947 मध्ये खेळ-उपचाराची तत्त्वं मांडली होती: मूल नेईल तिकडे जायचं, त्याच्या भावना ओळखून त्याला त्या शब्दांत परत द्यायच्या, घाई करायची नाही. पण हे करणारी व्यक्ती अजून तज्ज्ञच होती. बर्नार्ड गर्नी यांनी 1964 मध्ये हीच कौशल्यं थेट आईवडिलांना शिकवायचं ठरवलं. मुलाचा त्रास पालकांमुळेच उद्भवतो, असं सर्रास मानलं जायचं त्या काळात हे पाऊल धाडसाचंच होतं.

खरी घडामोड झाली ती अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन तिथे घरोघरी काय चालतं ते बारकाईने पाहत होते. मूल बिस्किटासाठी भोकाड पसरतं. आई नाही म्हणते, मूल आवाज चढवतं, आई कंटाळून बिस्किट देते, रडणं थांबतं. मुलाला बिस्किट मिळालं, आईला शांतता मिळाली आणि दोघंही पुढच्या वेळी तेच करायला शिकले. यात आई वाईट नाही, मूलही वाईट नाही. दोघं एका चक्रात अडकलेली असतात. दोष कुणाच्याच माथी न मारता काय बदलायचं ते दाखवणारं हे विश्लेषण मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत माणुसकीची गोष्ट वाटते.

त्याच राज्यातल्या पोर्टलंडमध्ये मानसशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी 1969 मध्ये दोन टप्प्यांचा कार्यक्रम मांडला: आधी मुलाच्या चांगल्या वागण्याकडे लक्ष देणं, मग स्पष्ट सूचना देणं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांतून आजचे बरेच पालक-प्रशिक्षण कार्यक्रम निघाले. शीला आयबर्ग यांनी 1970 च्या दशकात तिथेच घडवलेली ‘पॅरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी’, म्हणजे पीसीआयटी, ही त्यातली एक. साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी ती वापरतात.

तिचं सत्र कसं चालतं ते सांगायला हवं. आई आणि मूल खोलीत ठोकळे घेऊन बसतात. थेरपिस्ट एकतर्फी काचेपलीकडे असतो आणि आईच्या कानातल्या छोट्या यंत्रातून तिच्याशी बोलतो. आई सवयीने विचारते, ‘हा कोणता रंग?’ कानात सूचना येते: प्रश्न नको, तो काय करतोय ते सांगा. आई म्हणते, ‘तू लाल ठोकळा निळ्यावर ठेवलास.’ मूल म्हणतं, ‘उंच झाला!’ आई म्हणते, ‘हो, खूप उंच झाला.’ मग, ‘किती हळूच ठेवतोयस, छान!’ नुसतं ‘शाब्बास’ पुरत नाही, कशाबद्दल शाब्बास ते सांगावं लागतं. पाच मिनिटांत अशी नेमकी दहा कौतुकं, मुलाच्या बोलण्याचे दहा पडसाद आणि त्याच्या कृतीची दहा वर्णनं जमली आणि प्रश्न, हुकूम, टीका मिळून तीनपेक्षा कमी झाल्या, की पहिला टप्पा पार पडला. घरी रोज पाच मिनिटं हाच खेळ. शिस्तीचा टप्पा त्यानंतर येतो. आधी नातं आणि मग शिस्त हा क्रम सोडला तर उपचारातला प्राणच जातो, असं मला ठामपणे वाटतं.

शिस्तीच्या टप्प्यातल्या ‘टाइम-आउट’वर, म्हणजे ऐकलं नाही तर मुलाला थोडा वेळ बाजूला बसवण्यावर, टीका होत आली आहे. मुलाला एकटं पाडणं योग्य का, हा प्रश्न रास्त आहे. रागाच्या भरात कोपऱ्यात उभं करणं आणि आधी समजावून, ठरलेल्या शांत पद्धतीने काही मिनिटं खुर्चीवर बसवणं यांत फरक आहे, पण तो पालकाला नीट शिकवला नाही तर हातात शिक्षाच उरते.

या पद्धतीची कसोटी 2004 मध्ये लागली. मार्क चॅफिन आणि सहकाऱ्यांनी मुलांना मारहाण केलेल्या 110 पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे 850 दिवसांच्या मागोव्यात पीसीआयटी घेतलेल्यांपैकी 19 टक्के पालकांविरुद्ध मारहाणीची तक्रार पुन्हा आली, नेहमीच्या पालक-गटांत हे प्रमाण 49 टक्के होतं.

भावनांची बाजू उशिरा आली. एवढ्या लहान मुलांना नैराश्य येऊच शकत नाही, असा समज दीर्घकाळ होता. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या बालमानसोपचारतज्ज्ञ जोन लुबी यांनी तो खोडून काढला. त्यांच्या गटाने पीसीआयटीला भावनांचा भाग जोडला. त्यात मुलाला राग किंवा दुःख ओळखायला आणि त्यातून सावरायला पालक मदत करतात. 229 मुलांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. उपचार मिळालेल्या मुलांचं नैराश्य प्रतीक्षा यादीतल्या मुलांपेक्षा बरंच कमी झालं होतं.

महाराष्ट्रात अशा मुलांपर्यंत पोहोचायची वाट अंगणवाडीतूनच जाते. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या वस्तीच्या अंगणात नेली. 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात त्याच परिसरातल्या पालघरहून झाली. त्यात फिरती पथकं अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि वाढीत किंवा विकासात अडचण दिसली तर जिल्हा केंद्राकडे पाठवतात. तिथे मुलाला घेऊन येणारी व्यक्ती बरेचदा आई नसून आजी असते. पाच मिनिटांच्या खेळासाठी मग आजीलाच मुलासोबत बसवायला हवं, तिच्या बोलीत, तिच्या घरातल्या डब्या-चमच्यांनिशी.