मक्याशेजारी वेल लावला की खत नको?

मृगाचा पाऊस पडला की एक मेसेज दरवर्षी फिरतो: मक्याच्या बुडाशी चवळी किंवा घेवडा लावा, मक्याला नत्र फुकट मिळतं, खत घालूच नका.

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून ते पटतं. शेंगवर्गीय झाडाच्या मुळांवर गाठी येतात आणि त्यातले जिवाणू हवेतलं नत्र धरतात. पण ते बहुतेक नत्र वेल स्वतःच वापरतो. मक्याला त्याच हंगामात फार थोडं मिळतं. मुळं-पाला जमिनीत कुजला की उरलेलं मोकळं होतं, म्हणजे फायदा पुढच्या पिकाला. तोही वेल उपटून उकिरड्यावर फेकला नाही तर! शिवाय घेवडा या कामात जरा आळशीच, चवळी बरी. मका मात्र नत्राचा मोठा खादाड.

पडताळणी परसातच होते. फुलं लागताना एक वेल खुरप्यानं अलगद खणून काढा, उपटू नका. आपल्या काळ्या चिकट मातीत गाठी तुटून राहतात. गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर ती काम करतेय, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. मक्याची खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेनं पिवळी पडत असतील, तर तो उपाशी आहे. शेणखत द्याच.

जोडी मोडू नका. वेलाला मक्याचा आधार मिळतो. फक्त मका वीतभर झाल्यावर बी टोचा, नाहीतर वेल त्यालाच वाकवतो.