सेंट थॉमस कॅथीड्रल : साडेतीनशे वर्षं चाललेलं काम

मुंबईच्या फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला की बोलणं 2004 सालापासून सुरू होतं. वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या देखरेखीखाली झालेल्या कामाला त्या वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. त्या कामाचं कौतुक व्हायलाच हवं. पण या वास्तूची हकिकत नीट समजून घ्यायची तर 1676 पर्यंत मागे जावं लागतं. कारण हे चर्च एका दमात कधीच बांधलं गेलं नाही. काम सुरू व्हायचं, अडायचं, पुन्हा कुणीतरी पुढे यायचं. आणि दर वेळी ते का अडलं, का सुटलं, याचं उत्तर चर्चच्या भिंतींपेक्षा बाहेरच्या मैदानात सापडतं.

ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जेरल्ड आँजियर याने मुंबईत इंग्रजांसाठी चर्च बांधायला घेतलं, तेव्हा बेट कंपनीच्या ताब्यात येऊन दहा वर्षंही झाली नव्हती. 1677 मध्ये तो सुरतेला वारला आणि काम थांबलं. भिंती सुमारे 15 फूट चढल्या होत्या. पुढची जवळजवळ 40 वर्षं त्या तशाच उघड्या पडून होत्या. मुंबईचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे त्यांना छप्पर नसलेल्या भिंतीची 40 पावसाळ्यांत काय गत होते हे सांगायला नको.

ते काम पुन्हा हातात घेतलं रिचर्ड कॉब या पाद्र्याने. 1714 मध्ये तो मुंबईला आला आणि त्याने वर्गणीचा तगादा लावला. 1718 च्या नाताळच्या दिवशी चर्च उपासनेसाठी उघडलं. या प्रसंगातला एक तपशील मराठी वाचकाने लक्षात ठेवावा असा आहे. त्या दिवशी रामा कामती आपल्या जातभाईंसह तिथे आला होता आणि अख्खी उपासना संपेपर्यंत ते सगळे उभे होते, असं खुद्द कॉबनेच लिहून ठेवलं आहे. रामा कामती हा कंपनीच्या देशी फौजेचा मोठा अधिकारी आणि शहरातला मातबर शेणवी. वाळकेश्वराच्या देवळाची पुन्हा उभारणी करणारा तोच. म्हणजे त्या काळातल्या मुंबईचं देऊळ आणि चर्च, दोन्हींच्या उभारणीत हा माणूस दिसतो. दोनच वर्षांत, 1720 मध्ये, कान्होजी आंग्र्यांशी संगनमत केल्याच्या आरोपावरून त्याच कंपनीने त्याच्यावर खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारावर शिक्षा झाली ती पुढे बनावट ठरली, पण तोवर त्याची मालमत्ता गेली होती आणि कैदेतच त्याचा शेवट झाला. कॅथीड्रलमध्ये संगमरवरी स्मारकांची दाटी आहे. मला तिथे गेल्यावर दर वेळी या माणसाची आठवण येते.

या चर्चने शहराला किती दिलं ते आपण रोज बोलतो आणि विसरतो. कोटाच्या तटबंदीला तीन दरवाजे होते : अपोलो गेट, बझार गेट आणि चर्चकडे जाणारं चर्च गेट. 1860 च्या दशकात तट पाडला, दरवाजा गेला, नाव मात्र स्टेशनला चिकटून राहिलं. चर्चगेट स्ट्रीटचं वीर नरिमन रोड झालं, पण त्या रस्त्याच्या या टोकाला चर्च अजून उभं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरात बसवलेले काळ्या बेसाल्टचे 15 मैलाचे दगड याच चर्चपासूनचं अंतर दाखवायचे. रोमन आकडा, आणि खाली सेंट थॉमस चर्चचं नाव. फुटपाथ आणि डांबराचे थर चढत गेले तसे ते दगड गळ्यापर्यंत गाडले गेले. त्यांतल्या काहींना अलीकडे पुन्हा वर काढून स्वच्छ केलं आहे. अशा दगडासमोर उकिडवं बसून अक्षरांवरून बोट फिरवलं तर कोरीव खाच अजून हाताला लागते. मुंबईचं शून्य इथे होतं.

1837 मध्ये मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला आणि चर्चचं कॅथीड्रल झालं. लगेच पुढच्या वर्षी मनोरा वाढवला. पण त्याच्या पूर्वेला तेव्हा काय होतं? बॉम्बे ग्रीन नावाचं मोकळं मैदान. तिथे कापसाचा व्यापार चालायचा, गाठींचे ढीग पडायचे. 1844 मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला आणि पुढे तो शिवडीकडे गेला. हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन स्टेशन त्याचीच आठवण. मैदान ओस पडलं आणि कचरा टाकायची जागा झालं. एका बाजूला 1833 मध्ये बांधून झालेला टाउन हॉल, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला कॅथीड्रल, आणि मधे ही पडीक जागा. इथल्याच वडाच्या झाडांखाली 1850 च्या दशकात दलाल जमू लागले. शेअर बाजाराचा उगम तो.

मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. 1861 ते 1865 या काळात तिकडचा कापूस बंद झाला, मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस लागला आणि मुंबईत पैशाला पूर आला. कॅथीड्रलनेही मोठं स्वप्न पाहिलं. जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाने सगळ्या वास्तूला नवं रूप देण्याची योजना आखली आणि सुरुवात वेदीकडच्या भागापासून केली. 1865 मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, समुद्रात भराव घालून जमीन करणाऱ्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीचे फुगवलेले शेअर रद्दी झाले. वेदीचा भाग तेवढा पूर्ण झाला होता, बाकीची योजना बारगळली. झाडाखालच्या सौद्यांनी ज्या चर्चला उभारी दिली असती, त्या सौद्यांनीच ते अर्ध्यावर सोडलं. आत गेलात तर ही अर्धी राहिलेली गोष्ट डोळ्यांना दिसते : मागचा भाग साधा, जाड भिंतींचा, कंपनीच्या जमान्यातला, पुढे गेलं की एकदम टोकदार कमानींचं गॉथिक.

दाराबाहेरचं कारंजं याच दशकांतलं. त्याचं रेखाटन सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचं आणि देणगी सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांची. मुंबई विद्यापीठाच्या कॉन्व्होकेशन हॉलमागेही हीच जोडी आहे. स्कॉट कधी हिंदुस्थानात आले नाहीत, कावसजी पारशी. तरी अँग्लिकन कॅथीड्रलच्या अंगणात दोघांची खूण शेजारी आहे. नाताळच्या दिवशी उभा राहिलेला रामा कामती आणि हे कारंजं, या दोन गोष्टी मी एकाच धाग्यात पाहतो.

कॅथीड्रलची योजना बारगळली, पण मैदानाचं नशीब उघडलं. चार्ल्स फोर्जेट या पोलीस कमिशनरने तिथे गोल चौक करण्याची कल्पना मांडली होती. गव्हर्नर एल्फिन्स्टन आणि नंतर बार्टल फ्रिअर यांनी तिला पाठिंबा दिला. 1872 पर्यंत मधे बाग आणि भोवती एकसारख्या दर्शनी भागांच्या, कमानींच्या इमारती अशी एल्फिन्स्टन सर्कल तयार झाली. ठरवून आखलेली, एका नजरेत मावणारी अशी जागा मुंबईत फार थोडी आहे, आणि ती आखणाऱ्यांचं श्रेय मी नाकारणार नाही. पण फोर्जेट हा तोच, ज्याने 1857 च्या ऑक्टोबरमध्ये सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन हिंदी शिपायांना उठावाच्या कटाच्या आरोपावरून कोटाबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावर तोफेच्या तोंडी दिलं. स्वातंत्र्यानंतर या चौकाला बी. जी. हॉर्निमन यांचं नाव दिलं, ते म्हणून मला फार योग्य वाटतं. बॉम्बे क्रॉनिकलच्या या इंग्रज संपादकाने जालियनवाला बागेनंतर पंजाबातल्या अत्याचारांना वाचा फोडली आणि 1919 मध्ये सरकारने त्यांना हद्दपार केलं होतं.

विसाव्या शतकात कॅथीड्रलला नवं फारसं काही मिळालं नाही. 1911 मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी ज्या खुर्च्यांवर बसले त्या जपून ठेवल्या आहेत. दक्षिण ध्रुवावरून परतताना 1912 मध्ये कॅप्टन स्कॉटबरोबर मरण पावलेल्या हेन्री बॉवर्सचं स्मारकही इथे आहे, कारण तो रॉयल इंडियन मरीनचा अधिकारी. 1970 पासून ही वास्तू चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे. मंडळी कमी, वास्तू प्रचंड, वरून दर वर्षी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि बंदरावरची खारी हवा. जुन्या चुन्याच्या भिंतीत शिरलेली ओल चुन्यातूनच बाहेर पडते. वरून सिमेंटचा गिलावा मारला की ती आत कोंडते आणि दगड भुगा होऊ लागतो. मुंबईतल्या कितीतरी जुन्या देवळांचं, वाड्यांचं आणि चर्चांचं नुकसान अशा चांगल्या हेतूने केलेल्या डागडुजीने झालं आहे.

1995 मध्ये वारसा नियमावली आली, आणि असे नियम करणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर ठरलं. कॅथीड्रल पहिल्या श्रेणीत गेलं. त्यानंतर बाहेरच्या खिडकीलाही हात लावायचा तर वारसा समितीकडे जावं लागतं. हे अनेकांना जाचक वाटतं, मला वाटत नाही. या नियमांमुळेच 2004 च्या कामासारखी कामं अभ्यास करून झाली. 2018 च्या नाताळला चर्च उघडल्याची 300 वर्षं पूर्ण झाली, ती सुस्थितीतल्या छपराखाली.

खरा पेच भोवतालाचा आहे. कॅथीड्रल चर्चच्या ताब्यात, मधली बाग आणि फुटपाथ सार्वजनिक, गोलाकार इमारती बँका, कचेऱ्या आणि खासगी मालकांच्या. एकाच चौकटीतलं चित्र, पण प्रत्येक तुकड्याची दुरुस्ती वेगळ्या माणसाने, वेगळ्या वर्षी, वेगळ्या पैशातून करायची. कमानींखालून चालत गेलं की एक खांब नीट घासलेला, पुढचा ऑइलपेंटने माखलेला, त्याच्या पुढच्यावर एसीचं पाणी टपकतंय, आणि त्या पाण्याने दगडावर हिरवी रेघ ओढली आहे. 1872 मध्ये सगळे दर्शनी भाग सारखे असावेत असं ठरवणारा कुणीतरी एक होता. आज ती रेघ पुसण्याचं काम नेमकं कुणाचं, हे त्या चौकात उभं राहून ठरवता येत नाही.