सोसायटीच्या गच्चीवर सोलर: अर्जाआधी वीजबिलावरचं नाव तपासा

छपरावर सोलर बसवायला केंद्राचं अनुदान देणाऱ्या पीएम सूर्यघर योजनेच्या जाहिरातीत ७८,००० रुपयांचा आकडा ठळक असतो. पण तो स्वतःचं छप्पर असलेल्या घरासाठी आहे: पहिल्या २ किलोवॉटला किलोवॉटमागे ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००. त्यापुढे क्षमता वाढवली तरी अनुदान वाढत नाही. मुंबईत गच्ची बहुतेक वेळा सोसायटीची असते, त्यामुळे इथे लागू होणारा दर निराळा: सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये. मर्यादा एका घरामागे ३ किलोवॉट, एकूण ५०० किलोवॉट. म्हणजे २८ फ्लॅटच्या इमारतीला ८४ किलोवॉटपर्यंत, पण तेवढी मोकळी गच्ची क्वचितच असते.

क्षमता ठरवायला कॉमन मीटरची वर्षभराची बिलं काढा. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि महिन्याला सरासरी १२० युनिट मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये बरेच कमी. लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे मिळून १,२०० युनिट जात असतील तर १० किलोवॉट पुरतात, अनुदान १,८०,०००. पाण्याची टाकी, लिफ्टची मशीन रूम आणि शेजारच्या टॉवरची सावली दुपारी ३ नंतर कुठवर येते ते डिसेंबरात पाहा, तेव्हा सावल्या सर्वांत लांब पडतात.

आता कागदपत्रं. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सर्वसाधारण सभेचा ठराव (त्यात क्षमता, खर्च आणि सही कोण करणार हे लिहिलेलं हवं), कॉमन मीटरचं ताजं बिल, पॅन आणि सोसायटीच्या नावाच्या खात्याचा रद्द केलेला चेक. स्वतंत्र घराला वीजबिल, आधार, बँक तपशील आणि छपरावरच्या हक्काचा पुरावा. त्या घराने आधी सोलरचं दुसरं अनुदान घेतलेलं नसावं.

अर्ज अडतो तो बहुधा बिलावरच्या नावाशी. जुन्या इमारतींत कॉमन मीटर अजून बिल्डरच्या नावावर असतो, घरांत दिवंगत वडिलांच्या. बेस्ट, अदानी, टाटा पॉवर किंवा महावितरण, ज्यांचं बिल येतं त्यांच्याकडे आधी नावबदल करून घ्या, थकबाकी भरा. बिलावरचा मंजूर भारही बघा. सोलरची क्षमता त्याहून जास्त असेल तर भार वाढवावा लागतो.

मग योजनेच्या पोर्टलवर राज्य, वीजकंपनी आणि ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करा. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक पाहणी लागत नाही. व्हेंडर, म्हणजे सोलर बसवून देणारा, पोर्टलवर नोंदलेलाच हवा, नाहीतर अनुदान नाही. किमान तीन कोटेशन घ्या. केंद्राने धरलेला आधारभूत खर्च पहिल्या २ किलोवॉटला किलोवॉटमागे ५०,००० आणि तिसऱ्याला ४५,००० आहे. मुंबईत उंच स्ट्रक्चर आणि क्रेन यांमुळे भाव वर जातो, म्हणून कोटेशनमध्ये स्ट्रक्चर, केबल, अर्थिंग, आकाशातली वीज पडण्यापासून बचाव करणारा लाइटनिंग अरेस्टर आणि नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) वेगवेगळे लिहून मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनेलवर जीएसटी १२ ऐवजी ५ टक्के आहे.

पॅनेलमधले सेलही भारतात बनलेले असावे लागतात. स्वस्त आयात पॅनेल लावलं की अनुदान गेलं. शिवाय अनुदान पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) यांपैकी कमी क्षमतेवर मोजतात. घरावर ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर आणि ५४० वॉटची पाचच पॅनेल असतील तर हिशेब २.७ किलोवॉटचा: ७२,६०० रुपये. सहावं पॅनेल लावलं की पूर्ण ७८,०००.

स्ट्रक्चर बसवण्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरकून घ्या. नंतर गळती निघाली तर सगळं उतरवायला लागतं, तो खर्च वेगळा.

काम झाल्यावर व्हेंडर तपशील भरतो, वीजकंपनी तपासणी करून नेट मीटर लावते. त्यानंतर बँक तपशील दिले की साधारण ३० दिवसांत रक्कम खात्यात येते. तोवर व्हेंडरचे पूर्ण पैसे तुम्हीच द्यायचे आहेत, तेव्हा सिंकिंग फंडातून (सोसायटीच्या राखीव निधीतून) किंवा कर्जातून सोय कशी करायची ते ठरावातच ठरवा. घरगुती ३ किलोवॉटपर्यंत सरकारी बँका २ लाखांपर्यंत तारणाविना कर्ज देतात.

स्थिर आकार बिलात राहतोच. आणि बॅटरी नसेल तर वीज गेल्यावर हा इन्व्हर्टरही बंद पडतो, लाईनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. तेव्हा लिफ्टचा जनरेटर काढून टाकू नका. योजनेची मुदत २०२६-२७ आर्थिक वर्षापर्यंत आहे. नावबदलाचा अर्ज या महिन्यातच द्या.