फावल्या वेळाचा धनी कोण?

व्हिडिओ अडखळतो म्हणून टास्क मॅनेजर उघडावा, तर सीपीयू १०० टक्के आणि यादीत सगळ्यात वर बॉइंक किंवा प्राइम९५, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरच्या मोकळ्या वेळात विज्ञानाचे आणि गणिताचे मोठे हिशेब करणारे सॉफ्टवेअर. ते थांबवले की व्हिडिओ सुरळीत. हे सॉफ्टवेअर फक्त रिकाम्या वेळात चालते असे ऐकलेले असते, मग ते आड कसे आले? दर वेळी त्यात बग असतोच असे नाही. ‘रिकामा’ म्हणजे नेमके काय, हे ज्या काळात ठरले त्या काळातले प्रोसेसरच आता उरलेले नाहीत.

पडून असलेल्या मशीनना कामाला जुंपायची कल्पना घरगुती इंटरनेटच्या आधीची. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत जॉन शॉच आणि जॉन हप यांनी रात्री मोकळ्या असलेल्या अल्टो कॉम्प्युटरवर पसरत जाणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यावरचा त्यांचा लेख १९८२ चा. त्यांना ते ‘वर्म’ म्हणत, आणि एका रात्री त्यातला एक बिघडून इमारतीतली मशीन एकामागोमाग बंद पाडत सुटला. १९८८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी आणि सहकाऱ्यांनी मोकळ्या मशीनवर कामे वाटणारे काँडोर आणले. त्याचा दंडक साधा होता: मालकाने कीबोर्डला हात लावला की पाहुण्याने उठायचे. अर्धे झालेले काम जतन करायचे आणि दुसऱ्या मोकळ्या मशीनवर तिथूनच पुढे सुरू करायचे. माझ्या मते इतका सभ्य नियम नंतर बराच काळ कोणी पाळला नाही.

कारण १९९० च्या दशकात हे काम घरोघरी गेले तेव्हा उठून जायला दुसरे मशीन नव्हते. जॉर्ज वॉल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन मूळ संख्यांचा (दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांचा) शोध, म्हणजे गिम्प्स, सुरू केला. प्राइम९५ हा त्याचाच प्रोग्रॅम. १७ मे १९९९ रोजी बर्कले विद्यापीठातून परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचा माग काढणारे सेटी@होम आले. पोर्तो रिकोतील अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या संकेतांचे साधारण ३४० किलोबाइटचे तुकडे घरी उतरवायचे, फोनची लाइन सोडायची, आणि मशीनने तासन्‌तास ते तपासायचे. डायल-अपवाल्यांच्या खिशाला परवडणारी व्यवस्था. यजमानाला त्रास होऊ नये ही जबाबदारी या प्रोग्रॅमनी ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रायॉरिटीवर सोपवली. युनिक्समध्ये त्यासाठी ‘नाइस’ नावाची सोय जुनीच आहे: उणे २० पासून १९ पर्यंत आकडा, आणि जितका मोठा तितका प्रोग्रॅम भिडस्त. विंडोजमध्ये ‘आयडल’ हा वर्ग. दोन्हींचा अर्थ एकच, सगळ्यांची जेवणे उरकल्यावर शेवटच्या पंगतीला बसणे.

पहिली भांडणे त्या शेवटच्या पंगतीतच झाली. कोणी दिमाखदार स्क्रीनसेव्हर लावला की तोही आयडल वर्गात बसायचा आणि हिशेब करणाऱ्याचा निम्मा वेळ खायचा. सेटी@होमचे स्वतःचे रंगीत आलेखही हिशेबाचाच वेळ घेत, म्हणून जाणकार मंडळी पडदा काळा ठेवत. सीपीयू थंड ठेवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची गंमत तर वेगळीच. विंडोज ९५ आणि ९८ प्रोसेसरला काम नसतानाही त्याला थांबण्याची ‘एचएलटी’ ही सूचना देत नसत. विंडोज एनटी आणि लिनक्स देत. म्हणून ही सूचना देणारे प्रोग्रॅम वेगळे मिळायचे, आणि तेही सर्वांत खालच्या प्रायॉरिटीवर चालायचे. एकाला रिकामा वेळ झोपेसाठी हवा, दुसऱ्याला हिशेबासाठी, आणि शेड्यूलर (प्रोसेसरचा वेळ वाटणारा सिस्टिमचा भाग) दोघांना निमूटपणे समान वाटा द्यायचा. दोन्ही लावून ‘सेटी एवढे हळू का?’ म्हणून डोके धरून बसणारे थोडेथोडके नसावेत.

प्रायॉरिटी एवढेच ठरवते की प्रोसेसरच्या रांगेत पुढे कोण. मेमरी, डिस्क, वीज आणि उष्णता तिच्या अखत्यारीत येत नाहीत. ३२ किंवा ६४ मेगाबाइट रॅमच्या मशीनवर हिशेबाने जागा अडवली की वर्ड प्रोसेसरची मेमरीतली माहिती डिस्कवर ढकलली जात असे, आणि खिडकी पुन्हा उघडताना डिस्क कुरकुरत राही. डिस्कच्या रांगेतही खालची जागा देण्याची सोय लिनक्समध्ये २००५ च्या सुमारास आली, विंडोजमध्ये व्हिस्टापासून.

मग हार्डवेअरनेच पंगतीचा नियम मोडला. नोव्हेंबर २००२ मध्ये इंटेलने घरगुती पेंटियम ४ मध्ये हायपर-थ्रेडिंग आणले. एकच कोअर (प्रोसेसरमधला काम करणारा गाभा) सिस्टिमला दोन दिसू लागला. तुमचा गेम एकावर चालला तर शेड्यूलरच्या दृष्टीने दुसरा मोकळा, मग आयडल वर्गातल्या हिशेबाला तिथे बसवायला हरकत कसली? पण दोन्ही ‘कोअर’ आतून तेच गणनाविभाग आणि तोच कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी, वाटून घेत होते. रांगेत शेवटचा असलेला गडी थेट तुमच्या ताटात जेवू लागला. टास्क मॅनेजरमध्ये हे दिसतही नाही, गेम नुसता मंदावतो. पुढे खरेखुरे अनेक कोअर आले तरी मेमरीकडे जाणारी वाट सामाईकच राहिली, आणि प्राइम९५ च्या अवाढव्य गुणाकारांचा भार नेमका त्या वाटेवर पडतो.

विजेचा घोळ याच काळातला. प्रोसेसर कामानुसार वेग कमी-जास्त करू लागले, पण शेवटच्या पंगतीला बसणाऱ्यासाठीही चूल पेटतीच ठेवावी लागते. लॅपटॉपवर सेटी लावला की वेग कायम कमाल आणि पंख्याचा अखंड घोंघाट. लिनक्सच्या वेग ठरवणाऱ्या ‘ऑनडिमांड’ यंत्रणेत ‘नाइस’ कामांचा भार वेग ठरवताना धरू नये अशी खास कळ ठेवावी लागली.

बॉइंक आणि प्राइम९५ मधल्या आजच्या सेटिंग्जच्या गर्दीचे मूळ या अनुभवांत आहे. सेटी@होम २००४ पासून बॉइंक या अनेक प्रकल्पांच्या सामाईक सॉफ्टवेअरवर गेले. जुनी आवृत्ती डिसेंबर २००५ मध्ये बंद झाली. बॉइंकमध्ये ‘कॉम्प्युटर वापरात असताना थांब’ हा काँडोरचाच दंडक परत आला. इतर प्रोग्रॅमचा सीपीयू वापर ठरावीक टक्क्यांवर गेला की थांब, हाही एक पर्याय. त्याचा नेहमीचा आकडा २५ टक्के. अमुक गेम चालू असेपर्यंत गप्प बस, असे त्या प्रोग्रॅमचे नाव देऊन सांगता येते. प्राइम९५ मध्ये त्यासाठी ‘पॉजव्हाइलरनिंग’ आहे.

‘सीपीयू वेळ ५० टक्के’ या सेटिंगबद्दल मात्र गैरसमज फार. त्याने प्रोसेसर निम्म्या ताकदीने चालत नाही. काम थोडा वेळ पूर्ण जोरात चालते आणि थोडा वेळ थांबते, त्यामुळे तापमान आणि पंखा वर-खाली होत राहतात. त्यापेक्षा कोअरची संख्या कमी करावी. आठपैकी दोन मोकळे सोडले की बहुतेक कुरबुरी मिटतात.

ग्राफिक्स कार्डावर हिशेब आले तेव्हा (सेटीसाठी ते २००८ च्या डिसेंबरात) तिथे प्रायॉरिटीच धड नव्हती. एक लांब काम सुरू झाले की ते संपेपर्यंत पडदा ताटकळायचा. म्हणून तुम्ही मशीन वापरत असाल तर कार्डाला हात लावायचा नाही, हे बॉइंकने मुळातच ठरवून टाकले.

सेटी@होमने ३१ मार्च २०२० रोजी नवे काम वाटणे थांबवले. त्याच महिन्यात कोविडच्या विषाणूतील प्रथिनांच्या हिशेबासाठी फोल्डिंग@होमकडे लोटलेल्या मशीनची एकत्रित ताकद एक्झाफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या आकडेमोडींच्या, पुढे गेली. त्यानंतर पुन्हा प्रोसेसर बदलले. मोठे (वेगवान) आणि छोटे (कमी वीज खाणारे) कोअर एकत्र असलेल्या इंटेलच्या डेस्कटॉप चिपा २०२१ मध्ये आल्या, ॲपलची एम१ त्याच्या आदल्या वर्षी. मॅकओएस ‘बॅकग्राउंड’ ठरवलेले काम फक्त छोट्या कोअरवर ठेवते. विंडोज ११ मध्येही कमी प्रायॉरिटीची कामे छोट्या कोअरकडे ढकलली जाताना दिसतात. त्यामुळे रात्रभर व्हिडिओ कन्व्हर्ट करायला लावणारे आता उलटी तक्रार करतात: सगळे मशीन रिकामे असूनही काम छोट्या कोअरवरच रेंगाळते. ते टास्क मॅनेजर उघडतात आणि प्रायॉरिटी वाढवतात.