जुनी पैठणी: कापावी की जपावी?
‘पैठणी कपाटात बंद ठेवली की टिकते आणि विरली की तिचा ड्रेस शिवावा’ हा समज घरोघरी आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम नेमकं त्या घडीवरच चिरतं. मऊ सुती कापडात गुंडाळा, अधूनमधून घडी बदला, डांबरगोळ्या जरीपासून लांब ठेवा. विरलेल्या रेशमाचा ड्रेस तर शिवणीवरच फाटतो.

कापण्याआधी पदर उलटून पाहा. अस्सल हातविणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. असा पदर धड असेल तर कृपा करून कात्री लावू नका! साडीचं अंगच जागोजागी फाटलं असेल, तर काठ-पदर अखंड सोडवून नव्या रेशमावर बसवून घ्या. यंत्रमागाच्या साडीचं मात्र खुशाल परकर-पोलकं शिवा.