सिॲटल : आठ आउट बाकी असताना

२० ऑक्टोबर २०२५. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी होतं, पण इथे सिॲटलमध्ये अमावस्येची संध्याकाळ तीच. आमच्या बेसबॉल संघाचा, मरिनर्सचा, टोरांटोतला सातवा सामना आमच्या घड्याळात पाचला सुरू झाला. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतला हा शेवटचा सामना, जिंकणारा वर्ल्ड सिरीज या सर्वोच्च मालिकेत जाणार होता. पाटावर लाह्या-बत्तासे मांडून ठेवले होते आणि निरांजन लावायचं काम इनिंग संपण्यावर अडलं होतं.

सातव्या इनिंगमध्ये मरिनर्स ३-१ने पुढे होते. एक आउट, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर रनर. बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर जिथे तयार राहतात तिथून, नवा पिचर (चेंडू टाकणारा) आला आणि त्याचा दुसराच चेंडू, एक सिंकर (शेवटी खाली झुकणारा वेगवान चेंडू), डावीकडच्या प्रेक्षकांत जाऊन पडला. होम रन, एकदम तीन रन. ३-४. पुढे तो आकडा हललाच नाही. नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन आउट; त्या चेंडूआधी वर्ल्ड सिरीज आठ आउटवर आली होती.

हे नुसत्या एका हरण्याचं दुःख का नाही, ते कळायला थोडं मागे जावं लागतं. शहराला बेसबॉलचा पहिला मोठा संघ १९६९मध्ये मिळाला आणि एका हंगामात तो मिलवॉकीला निघून गेला. कोर्टकचेऱ्या झाल्या, मग १९७७मध्ये मरिनर्स आले. १९९५ आणि २००० या दोन्ही वर्षी अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत सहाव्या सामन्यात गाडी अडली. २००१मध्ये ११६ विजय मिळाले, १९०६च्या शिकागोच्या विक्रमाची बरोबरी झाली, आणि न्यूयॉर्कने १-४ने घरी पाठवलं. त्यानंतरचा प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) उजाडला तो थेट २०२२ साली. तीस संघांपैकी वर्ल्ड सिरीजमध्ये एकदाही न खेळलेला संघ आता हा एकच आहे.

जखम खरी ताजी आहे ती २०२२पासूनची. ह्यूस्टनमधल्या पहिल्या सामन्यात नवव्या इनिंगला ७-५ अशी आघाडी, दोन आउट, बेसवर दोन रनर. त्या वेळचा क्लोजर (सामन्याचा शेवट करणारा पिचर) मैदानात होता. मॅनेजरने त्याला काढलं आणि डावखुऱ्या बॅटरसमोर डावखुरा पिचर हवा म्हणून एरवी सामना सुरू करणाऱ्या पिचरला आणलं. दुसरा चेंडू, सिंकर, होम रन, ७-८. त्याच मालिकेतला सिॲटलमधला सामना अठरा इनिंग चालला आणि आपण ०-१ने हरलो. २००१नंतर घरच्या मैदानावर झालेला तो पहिला प्लेऑफ सामना. पुढची दोन वर्षं प्लेऑफ एकेका विजयाने हुकला.

आता 'क्लोजर' या शब्दाकडे, कारण सगळा गुंता तिथे आहे. शब्दाचा अर्थ शेवट करणारा, आणि कामही तेवढंच उरलं आहे. पूर्वी बुलपेनमधल्या सर्वांत भरवशाच्या पिचरला 'फायरमन' म्हणत, म्हणजे आग लागेल तेव्हा धावून येणारा, मग ती सातव्या इनिंगला लागो की आठव्या. दोन-तीन इनिंग टाकणं त्याला नवं नव्हतं. १९६९मध्ये 'सेव्ह' हा आकडा अधिकृत झाला. आघाडी तीन किंवा त्याहून कमी रनांची असताना येऊन शेवटची पूर्ण इनिंग टाकली आणि सामना संपवला, तर सेव्ह नावावर जमा. बेस रिकामे असले तरी चालतं. १९८०च्या दशकाच्या शेवटी ओकलंडने नववी इनिंग एकाच माणसासाठी राखून ठेवली, बाकीच्यांनी तेच उचललं. मोजायच्या आकड्याने माणसाचं काम ठरवलं. आग सातव्यात लागते आणि बंब नवव्याची वाट बघत उभा राहतो, हे त्यातूनच आलं.

त्या संध्याकाळीही तसंच झालं. पाचवी आणि सहावी इनिंग ज्याने स्वच्छ टाकली तो मूळचा स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर), छातीच्या स्नायूच्या दुखापतीतून नुकताच परतलेला, दोनच दिवसांची विश्रांती झालेला. त्याला सातवीलाही पाठवलं. वॉक (चार खराब चेंडूंवर मिळणारा पहिला बेस), सिंगल (एका बेसचा फटका), मग बंट (चेंडू हलकाच टेकवून, एक आउट देऊन रनर पुढे सरकवणं). तेव्हा मॅनेजरने क्लोजरऐवजी ज्याला बोलावलं, त्याने हंगामभर अशा अवघड जागा निभावल्या होत्या, आणि नंतर कारणही हेच दिलं गेलं. ते खोटं नाही. पुढे टोरांटोचा सर्वांत तापलेला बॅटर होता, त्याच्यासाठी कोणीतरी राखून ठेवावं लागतं, हेही मान्य. पण सामना सातवा होता. त्यानंतर राखून ठेवायला दुसरा दिवसच नव्हता. माझ्या मते चूक तिथे झाली, आणि त्या पिचरच्या माथी ती मारणं अन्याय आहे.

गंमत वाटावी अशी गोष्ट नाही ही, पण २०२२मध्ये क्लोजरला काढलं म्हणून बोलणारे आम्ही २०२५मध्ये क्लोजरला आणलं नाही म्हणून बोलतो. दोन्ही वेळी निर्णयामागे विचार होता. दोन्ही वेळी दुसऱ्या चेंडूवर सगळं गेलं. ज्या वर्षी आपल्या कॅचरने साठ होम रन मारले, डेट्रॉइटविरुद्धचा पाचवा सामना पंधराव्या इनिंगला जिंकला, टोरांटोत जाऊन पहिले दोन्ही सामने घेतले, त्या वर्षी हे व्हावं, याचं जास्त लागतं.

मुलगी अकरा वर्षांची, जन्म सिॲटलशेजारच्या बेलव्ह्यूचा. होम रनच्या आधी, बंट झाला तेव्हा, तिने विचारलं होतं, "बाबा, आपला क्लोजर अजून का बसलाय?" मी म्हटलं, अजून सातवी आहे ना.

शेवटचा स्ट्राइकआउट झाल्यावर निरांजन लावलं. आरती तिने पाठ म्हटली, माझ्याकडे न बघता. २४ तारखेला टोरांटोत वर्ल्ड सिरीज सुरू झाली. आमच्याकडे ती लावली नाही.