सामाजिक हक्क आणि न्यायप्राप्ती

अन्न, निवारा, आरोग्य, शिक्षण, काम आणि सामाजिक सुरक्षा यांवरील हक्कांना मानवी हक्क कायद्यात सामाजिक हक्क म्हणतात. ते डावलले गेल्यास दाद मागता येणे, आणि मागितलेली दाद लागणे, म्हणजे न्यायप्राप्ती. या दोहोंची सांगड आंतरराष्ट्रीय कायद्यात बऱ्याच उशिरा बसली.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यात दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी होत्या: अनुच्छेद २५ मध्ये पुरेसे राहणीमान, अनुच्छेद ८ मध्ये न्यायालयीन दाद. १९६६ मध्ये मात्र दोन निराळे करार झाले. नागरी व राजकीय हक्कांच्या करारात दाद मागण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत आहे. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या करारात तसे कलमच नाही. उलट उपलब्ध साधनसंपत्तीच्या मर्यादेत, टप्प्याटप्प्याने पूर्तता करण्याची मुभा राज्यांना मिळाली. ‘टप्प्याटप्प्याने’ म्हणजे ‘सवडीने’ असा अर्थ काढणे सरकारांना जड गेले नाही. या दुसऱ्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने १९९० मध्ये हक्कांचा किमान गाभा तरी जपलाच पाहिजे असे बजावले. व्यक्तीला थेट समितीकडे तक्रार नेता येऊ लागली ती २००८ च्या ऐच्छिक प्रोटोकॉलमुळे, म्हणजे या कराराला जोडलेल्या पूरक करारामुळे. तो ५ मे २०१३ रोजी अमलात आला. तक्रार नेण्यासाठी संबंधित राज्याने प्रोटोकॉल स्वीकारलेला असावा लागतो, आणि देशांतर्गत उपाय आधी संपवावे लागतात.

या प्रक्रियेत समितीने गुणदोषांवर पहिला निर्णय २०१५ मध्ये दिला, तो स्पेनमधील एका स्त्रीच्या घराबाबत. कर्जाचे हप्ते थकल्याने गहाण घरावर कारवाई सुरू झाली. नोटीस बजावायला माणूस गेला तेव्हा ती घरी सापडली नाही. मग नोटीस न्यायालयाच्या फलकावर लावून बजावणी झाल्याचे मानले गेले. तिला कळले ते लिलावाचा आदेश निघाल्यावर. नोटीस नीट न पोचवल्याने बचावाची संधीच गेली, म्हणून निवाऱ्याच्या हक्काचा भंग झाला, असे समितीने ठरवले. नोटीस कुठे चिकटवली यावर छप्पर अवलंबून असू शकते, हे इथे दिसते.

पैशाची अडचण त्याहून जुनी. आयर्लंडमधील एअरी या स्त्रीला पतीपासून न्यायिक विभक्तता हवी होती. वकील परवडत नव्हता आणि दिवाणी खटल्यांसाठी सरकारी कायदेसाहाय्य नव्हते. ‘स्वतः उभे राहता येते’ हा सरकारचा बचाव युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७९ मध्ये फेटाळला. हक्क कागदावरचा नव्हे, वापरता येण्याजोगा हवा, अशी त्यामागची भूमिका. हे निकालपत्र आजही सर्रास उद्धृत होते, ते योग्यच आहे.

निकाल हाती आला म्हणजे हक्क हाती आला असे नाही. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने ग्रूटबूम प्रकरणात २००० मध्ये राज्याचे गृहधोरण अवाजवी ठरवले, कारण अगदी निराधारांसाठी त्यात काहीच सोय नव्हती. जिच्या नावाने तो खटला जगभर शिकवला जातो ती आयरीन ग्रूटबूम २००८ मध्ये वारली, तेव्हाही ती झोपडीतच राहत होती.